तारेवरची दिवाळी

आमच्या नांदेडच्या जुन्या घरात माजघराच्या खुंटीला एक लोखंडी तार लटकत असे. खालच्या टोकाला लाकडाची चकती, वरच्या टोकाला आकडा. पोस्टमनने दिलेले कार्ड आधी उभ्याउभ्या वाचले जाई, मग आजीला मोठ्याने वाचून दाखवले जाई, आणि संध्याकाळी वडील ते मधोमध टोचून तारेत ओवून टाकत. तार भरली की सुतळीने बांधून माळ्यावर जाई आणि खुंटीवर नवी तार येई. मराठवाड्यात पन्नाशीच्या पुढच्या ज्या कोणाला मी ही तार सांगितली, त्याच्या चेहऱ्यावर ओळख उमटली. लातूरच्या गोलाईतल्या आडत दुकानांत, शाळामास्तरांच्या घरांत, कुलकर्ण्या-पाटलांच्या वाड्यांत ही तार होतीच. हिशेबाच्या चिठ्ठ्या, पावत्या आणि नातलगांची खुशाली एकाच तारेवर सुखाने नांदत असे.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. पोटापाण्यासाठी वेगळेच काम केले आणि उरलेल्या वेळात जुने कागद पाहत आलो. गेल्या वर्षी आई गेली. घर आवरताना माळ्यावरून तीन तारा खाली आल्या. दोनशेच्या वर कार्डे, आणि त्यांतली बरीचशी सणाची: दिवाळीची, दसऱ्याची, संक्रांतीची. भाऊ म्हणाला, रद्दीत घालू नकोस, पण ठेवायची तरी कुठे? त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना हा लेख झाला.

एक पैशाचे कार्ड

पोस्टकार्ड ही मुळात युरोपातली चीज. १ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या टपाल खात्याने पहिले कार्ड काढले. आपल्याकडे ब्रिटिश हिंदुस्थानात ते १ जुलै १८७९ रोजी आले. किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. ही कार्डे छापून येत लंडनहून. पुढे १९२५ च्या सुमारास नाशिक रोडला छापखाना उभा राहिला. एका पैशात देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत निरोप जाऊ लागला, ही त्या काळी केवढी गोष्ट होती हे आज फोन खिशात असलेल्या माणसाला समजावणे अवघड आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी चित्रकार्डांची लाट आली. इंग्लंड-जर्मनीत नाताळची, ईस्टरची, नववर्षाची रंगीत कार्डे लाखांनी छापली जात आणि लोक ती खास अल्बमात लावून पाहुण्यांना दाखवत. ते अल्बम आजही तिकडच्या घरांत वारशाने पुढे जातात. ती लाट मुंबईलाही पोहोचली. रविवर्मा छापखान्याने देवादिकांची चित्रे कार्डांवर आणली. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी मुंबईच्या रस्त्यावरची माणसे कार्डांसाठी रंगवली. १९०९ साली का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला, तोही याच हवेत. सणाच्या निमित्ताने छापील कागद घरी यावा, ही हौस तेव्हाची.

आमच्या भागात मात्र चित्रकार्डे अगदी तुरळक आली. तारेवर सापडतात ती साधी, पिवळट, बिनचित्राची. तिकडच्या घरांनी कार्ड जपले ते चित्रासाठी. आपल्याकडे ते जपले गेले मजकुरासाठी, आणि तेही ठरवून नव्हे, तारेला लागले म्हणून. जुन्या वस्तूंच्या बाजारात तिकडच्या नाताळच्या कार्डाला गिऱ्हाईक आहे. दिवाळीचा फराळ पोचल्याचे कळवणाऱ्या साध्या कार्डाला बाजारात काहीच किंमत नाही. निझामाचे तिकीट असेल तर संग्राहक घेतो, पण तो तिकिटासाठी. मागचा मजकूर त्याच्या लेखी अडगळ.

दोन टपाले, चार लिप्या

मराठवाडा १९४८ पर्यंत निझामाच्या हैदराबाद संस्थानात होता. या संस्थानाचे स्वतःचे टपाल खाते होते. १८६९ साली त्याने पहिले तिकीट काढले, आणि १८७१ च्या तिकिटांवर उर्दू, इंग्रजी, तेलुगू आणि मराठी अशा चारही लिप्यांत किंमत आली. १९३१ नंतरच्या मालिकेत चारमिनार आणि उस्मानसागर आहेत, तसे आपले अजिंठ्याच्या लेण्यांचे दार आणि दौलताबादचा मिनारही आहेत. हे टपाल संस्थानाच्या हद्दीपुरतेच चाले. नांदेडहून औशाला कार्ड टाकायचे तर निझामाचे चाले. सोलापूरला किंवा पुण्याला टाकायचे तर ब्रिटिश हिंदुस्थानचे घ्यावे लागे, कारण संस्थानात ती पोस्ट ऑफिसेही होती. एकाच घरच्या तारेवर दोन राज्यांची कार्डे शेजारी शेजारी असत. १ एप्रिल १९५० रोजी निझामाचे टपाल भारतीय टपालात मिळाले आणि हा प्रकार संपला.

कार्डाच्या दोन बाजू मला नेहमी बोलक्या वाटतात. दर्शनी बाजूवर सरकारची उर्दू. उलटले की घरची मराठी, आधीच्या पिढीची मोडीत, नंतरच्यांची बाळबोधीत. शाळेत उर्दू, कचेरीत उर्दू, १९१८ पासूनच्या उस्मानिया विद्यापीठात उर्दू माध्यम. अशा काळात माझ्या पणजोबांच्या पिढीने दिवाळीचे आशीर्वाद मोडीत लिहिले. मराठी टिकली ती सभा-परिषदांनी, ग्रंथालयांनी, हे खरेच. पण घराघरांतून जाणाऱ्या एका पैशाच्या कार्डांनीही तिला हात दिला, हे कुठे लिहिलेले दिसत नाही.

नांदेड आणि लातूर ही गावे आज शेजारच्या जिल्ह्यांची ठाणी आहेत, पण टपालाच्या दृष्टीने त्यांची तोंडे दोन दिशांना होती. नांदेड हैदराबाद-मनमाड मीटरगेजवर. लातूरला १९११ साली बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी आली, तीही कुर्डुवाडी-बार्शीकडून. म्हणून नांदेडच्या तारेवर हैदराबाद, परभणी, औरंगाबादचे शिक्के अधिक, तर लातूरकडच्या तारेवर बार्शी, सोलापूर, पुणे अधिक, असे मला दिसत आले. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आले तेव्हा नांदेडला ४३१६०१ मिळाला आणि लातूरला ४१३५१२. म्हणजे लातूर सोलापूरच्या गटात गेले, नांदेड औरंगाबाद-परभणीच्या. टपालाची जुनी वाट आकड्यांतही उतरली असावी, असे मला वाटते.

तारीख लावण्याची एक खूण इथेच सांगून ठेवतो. निझामी राजवटीत सरकारी व्यवहार फसली सनाने चाले आणि घरगुती पत्रात बहुधा शक व तिथी असे. हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या आरंभी बदलत असल्याने दिवाळीच्या कार्डावर फसली असेल तर ५९० मिळवायचे, शक असेल तर ७८. संक्रांतीच्या कार्डाला तोवर इंग्रजी वर्ष बदललेले असते, म्हणून फसलीत ५९१ आणि शकात ७९. फसली १३५८ ची दिवाळी म्हणजे १९४८ ची: १७ सप्टेंबरला हैदराबाद मुक्त झाल्यानंतरची पहिली. रझाकारांच्या भीतीने सोलापूर, बार्शी, उमरखेडकडे गेलेली कितीतरी कुटुंबे त्या सुमारास घरी परतत होती. त्या दिवाळीचे आमच्याकडे एकच कार्ड आहे. त्यात सणाचा शब्द नाही. कोण कोण परत आले आणि कोणाच्या घराची कवाडे शाबूत आहेत, एवढीच यादी आहे.

तिळाचा दाणा आणि ओवाळणीची चिठ्ठी

सणाची सगळीच पत्रे सारखी नसत. दिवाळीचे कार्ड लांब. ‘तीर्थरूप’ किंवा ‘चिरंजीव’ने सुरू होऊन पाऊसपाणी, ज्वारी-कापसाचे भाव, कोणाला स्थळ आले, कोणाची म्हैस व्याली, असे करत ‘लोभ असावा’पर्यंत जाणारे. १४ सेंटिमीटर बाय ९ सेंटिमीटरच्या जागेत मजकूर मावेना की माणसे कडेने आडवे लिहीत, पत्त्याच्या बाजूला घुसत. व्यापाऱ्यांची कार्डे छापील: वर ‘शुभ-लाभ’, खाली पेढीचे नाव, पाडव्याच्या मुहूर्ताची आठवण. लातूरची गंजगोलाई म्हणजे सोळा रस्ते एकत्र येण्याचे ठिकाण. तिथल्या आडत्यांची अशी कार्डे आसपासच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांच्या घरी हमखास निघतात.

संक्रांतीचे पत्र मात्र पाकिटातून येई. बोटभर लांबीचे रंगीत भेटकार्ड, त्यावर हलव्याची वाटी किंवा पतंग, गोड बोलण्याची विनंती, आणि आत हलव्याचे चार-पाच काटेरी दाणे. पाकीट न चिकटवता, पाते नुसते आत खोचून बुकपोस्टाने टाकले की कमी पैशांत जाई. हाताने लिहायला मुभा मोजक्याच शब्दांची. पोस्टाच्या शिक्क्याखाली हलव्याचा चुरा होई आणि कार्डावर साखरेचा डाग पडे. पोरे आधी पाकिटाचा तळ चाटत, मग कार्ड वाचत. दसऱ्याला याच पद्धतीने आपट्याचे पान येई. वाळून ठिसूळ झालेले, पण सोनेच.

भाऊबीजेचा कागद आणखी वेगळा. १८८० पासून आपल्याकडे मनीऑर्डर आहे. तिच्या फॉर्मच्या तळाशी पैसे घेणाऱ्यासाठी दोन-तीन ओळींची चिठ्ठी असे. ज्या भावाला येता येत नसे तो ओवाळणी मनीऑर्डरने पाठवी. पोस्टमन पैसे मोजून देई, चिठ्ठी फाडून देई. पैसे त्याच आठवड्यात संपत, चिठ्ठी मात्र बहिणीच्या पेटीत, साडीच्या घडीत जाई. तारेवर ती सहसा नसतेच. बायकांचे कागद शोधायचे तर तार पुरत नाही, पेटी उघडावी लागते, हा धडा मी उशिरा शिकलो.

तारेवर आणखी एक गोष्ट नसते: मृत्यूची वार्ता. अशुभ कार्ड वाचून लगेच फाडायचे, घरात ठेवायचे नाही, ही रीत. त्यामुळे तारेवरचा इतिहास सगळा शुभ वार्तांचा. जन्म सापडतात, लग्ने सापडतात, मरणे सापडत नाहीत. पण सणाची कार्डे लक्ष देऊन वाचली तर तीही हाती लागतात. घरात कोणी गेले की त्या वर्षी त्या घरी सण नसतो. तळण नसते, नातलग फराळ पोचवतात. अशा घरचे दिवाळीचे कार्ड दोन ओळींचे असते: यंदा आमच्याकडे सण नाही, मुलांना मात्र नवे कपडे करा. एवढ्यावरून साल ठरते. आमच्या घराण्यातल्या तीन मृत्यूंची वर्षे मी याच रीतीने लावली. त्यांची दुसरी कुठलीही नोंद घरात नव्हती.

दुसऱ्याच्या घरी राहिलेले घर

आता मूळ गोष्टीकडे येतो. आईचे माहेर किल्लारीच्या बाजूला. दगड-मातीच्या जाड भिंतींचे माळवदाचे घर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून माणसे उशिरा निजली होती. लातूर-उस्मानाबादची ५२ गावे भुईसपाट झाली, जवळपास ८ हजार माणसे गेली. बहुतेकांना मारले ते त्या भिंतींनी आणि माळवदावरच्या मातीने. मामा शेतात जागलीला होता म्हणून वाचला. मामी आणि धाकटा मुलगा वाचले नाहीत.

त्या वर्षीची दिवाळी नोव्हेंबरमध्ये आली. मामाचे कार्ड आले नाही. तारेवर १९९२ च्या दिवाळीनंतर त्याचे एकदम १९९४ चेच कार्ड आहे.

१९९४ च्या उन्हाळ्यात मामा आमच्याकडे आला. पत्र्याच्या शेडमध्ये राहत होता. जेवण झाल्यावर आईला म्हणाला, “अक्का, दादांचं एखादं कार्ड हाय का तुझ्याकडं?” दादा म्हणजे त्यांचे वडील, माझे आजोबा. ते भूकंपाच्या बऱ्याच आधी गेले होते. घराबरोबर त्यांचा फोटो गेला, जमिनीचे कागद गेले, हिशेबाच्या वह्या गेल्या. त्यांचे अक्षर म्हणून मामाकडे एक ओळही उरली नव्हती.

तेव्हा मला पहिल्यांदा उमगले की, पत्र हा कागद लिहिणाऱ्याच्या घरी राहतच नाही. मामाच्या तारेवर आम्ही पाठवलेली कार्डे होती, ती ढिगाऱ्याखाली गेली. त्याच्या घराचा इतिहास नांदेडला आमच्या खुंटीवर सुखरूप होता. प्रत्येक घराचा काही भाग असा लेकी दिलेल्या घरांतून, व्याह्यांकडे, मित्रांकडे पसरलेला असतो. जमिनीचा उतारा तहसिलीतून पुन्हा काढता येतो. बापाचे अक्षर पुन्हा काढायचे ते लेकीच्या तारेवरूनच.

वडिलांनी तार उतरवली. आजोबांची कार्डे निघाली, पंचवीसच्या वर. आणि जवळपास प्रत्येकाचा वरचा कोपरा कापलेला.

तो मी कापला होता. दहा-अकरा वर्षांचा असताना मला तिकिटे जमवण्याचा नाद लागला. जुने-नवे काही न बघता मी तारेवरची कार्डे उपसली आणि कात्रीने कोपरे कापून वहीत चिकटवले. पुढे ती वहीही हरवली. तिकीट पत्त्याच्या बाजूला उजव्या हाताला वर असते. कार्ड उलटले की तीच जागा मजकुराच्या डाव्या बाजूला वर येते. तिथे मायना असतो. आजोबा ‘चि. सौ.’ लिहून पुढे आईचे नाव लिहीत. सासरचे नव्हे, माहेरचे. लग्नात तिचे नाव बदलले होते. रेशनकार्ड, मतदारयादी, बँक, सगळीकडे नवे नाव. जुन्या नावाने तिला लिहिणारे जगात एकटे आजोबा होते, आणि नेमका तेवढाच तुकडा मी प्रत्येक कार्डातून काढून टाकला होता.

आई काही बोलली नाही. मामाने त्यांतले एक कार्ड निवडले, खिशात ठेवले आणि म्हणाला, “कोपरा नसला तर नसू दे. अक्षर हाय की.”

जपायचे ते कसे

हे सगळे सांगितले ते एवढ्यासाठी की, अनेक घरांत या तारा अजून माळ्यावर आहेत आणि घरे पाडून फ्लॅट होत आहेत. मी चुका करून जे शिकलो ते थोडक्यात सांगतो.

तारेवरून कार्डे ओढून काढू नयेत. गंजलेली तार भोक फाडते. पक्कडीने तार वरून तोडावी आणि एकेक कार्ड अलगद उचलावे. सर्वांत खाली सर्वांत जुने, असा क्रम असतो. तो क्रम हीच एक नोंद आहे, म्हणून मोडण्याआधी मऊ पेन्सिलीने कोपऱ्यात बारीक क्रमांक टाकावा. बॉलपेन नको. ओल्या फडक्याने तर कधीच पुसू नये. पुष्कळ कार्डे कॉपिंग पेन्सिलीने लिहिलेली असतात. दिसायला करडी, पाणी लागले की जांभळी होऊन पसरतात. शाईचेही तेच.

लॅमिनेशन म्हणजे कार्डाचा जिवंतपणी केलेला दफनविधी. ते पुन्हा उघडता येत नाही. चिकट पानांचे अल्बम आणि सेलोटेप यांनी कागद पिवळा पडून तडकतो. आम्लविरहित कागदाचे पाकीट मिळाले तर उत्तम. न मिळाल्यास धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात, पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये, सैल बांधून ठेवावे. पूर्वीचे लोक दप्तर बांधत ते शहाणपणाचेच होते. कडुलिंबाचा पाला घालायचा तर वेगळ्या पुरचुंडीत घालावा, कागदाला लागला तर डाग पडतो. पत्र्याखालचा माळा नको, जमिनीवरची पेटी नको. आपल्याकडचा उन्हाळा कागद वाळवतो आणि पावसाळ्यात कसर लागते. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, बांधून ठेवलेले सोडून पाहावे.

स्कॅन करताना दोन्ही बाजू घ्याव्यात. पत्ता, शिक्का आणि कडेचा मजकूर तितकाच महत्त्वाचा. स्कॅन भावंडांत वाटता येतो, मूळ कार्डे मात्र वाटू नयेत, एकत्र ठेवावीत. आणि सर्वांत निकडीचे काम कागदाचे नाहीच. कार्डातली अक्का कोण, बापू कोण, ‘ते’ म्हणजे कोण, हे सांगणारे माणूस जिवंत असेतो त्याच्यापुढे कार्ड धरून विचारून घ्यावे. आम्ही आईला पुरेसे विचारले नाही.

आज साधे कार्ड ५० पैशांना मिळते, पण घेतो कोण? दिवाळीला फोनवर शेकडो शुभेच्छा येतात. कोणीतरी बनवलेल्या, पुढे ढकललेल्या, आणि जागा भरली की पुसलेल्या. त्याबद्दल माझी तक्रार नाही, मीही पाठवतो. फक्त त्या तारेला लागत नाहीत.

आईची पेटी सर्वांत शेवटी उघडली. जरीच्या साडीच्या घडीत मामाच्या मनीऑर्डरच्या चिठ्ठ्या निघाल्या, आणि एक बुकपोस्टाचे पाकीट. त्याचा कोपरा माझ्या कात्रीने नेलेला. पण कापले होते ते पाकीट. आतले संक्रांतीचे कार्ड बोटभरच, ते खाली सरकून वाचले होते. हलव्याच्या वाटीचे फिकट चित्र, साखरेचा तपकिरी डाग, आणि मागे आजोबांच्या अक्षरात मायना, आईच्या माहेरच्या नावासह.

भावाने विचारले होते, ठेवायची कुठे? कार्डे आता माझ्याकडे आहेत, पुठ्ठ्याच्या पेटीत, पांढऱ्या कापडात. या दिवाळीत मामाला त्या संक्रांतीच्या कार्डाची दोन्ही बाजूंची प्रत पाठवतो आहे. पोस्टाने.